खुणेतला हात

सोमवार, ४ फेब्रुवारी

ऑफिसातल्या बाईंनी आज वर्गाच्या दारातच गाठलं. म्हणाल्या, मावशी, तासावर किती दिवस काढणार? महिन्याच्या पगारावर या आता. पंचवीस तारखेपर्यंत फॉर्म द्या, नाहीतर जागा रद्द होईल.

आनंद व्हायला हवा होता. 'बघते' म्हणून वर्गात शिरले.

बारा वर्षं झाली ह्या चित्रशाळेत बसते आहे. त्याआधी एकोणीस वर्षं चपलांच्या दुकानात उभी होते. उभं राहून पाय गेले म्हणून बसायचं काम धरलं. मुलं समोर बोर्ड लावून मला बघून चित्रं काढतात, मी हलायचं नाही, एवढंच काम. बसेन तेवढ्या तासांचे पैसे. बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही, असं आई म्हणायची. बसल्याचेच पैसे मिळतात हे तिला कुठे ठाऊक!

पण हलायचं नाही — तिथेच तर सगळं अडलं आहे.

५ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहूनच टाकते.

डावा हात थरथरतो. सप्टेंबरपासून. आधी करंगळी, मग अंगठा, आता मनगटापर्यंत. नोव्हेंबरात एकटीच डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, कंपवात आहे. हळूहळू वाढेल, घाबरू नका. वाढेल आणि घाबरू नका, हे एका दमात कसं बोलतात कोण जाणे.

ह्यांना सांगितलेलं नाही. गोळ्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली आहेत.

८ फेब्रुवारी

आज चाळीस मिनिटांची बैठक होती. पहिली वीस मिनिटं बरी जातात. मग करंगळी सुरू होते. मी मूठ मिटते, शालीखाली सरकवते. झाकली मूठ सव्वा लाखाची!

प्रत्येक सुट्टीआधी एक मुलगी खडू घेऊन येते आणि माझ्याभोवती खुणा करते — पावलांभोवती, खुर्चीच्या पायांभोवती, खुर्चीच्या हातावर जिथे माझा हात असतो तिथे. म्हणजे पाणी पिऊन आले की परत तसंच बसता येतं. पाय बरोबर खुणेत बसतात. हात बसतो आणि निघतो, बसतो आणि निघतो.

अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. ही मुलं तशी भारी किटकिटी. शालीची घडी इंचभर सरकली तरी ओरडतात. मावशी, हनुवटी. मावशी, बट कानामागे होती. हाताबद्दल मात्र एक अक्षर नाही. नशीब माझं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

फॉर्म आणला. चार पानी आहे. पगार ठरलेला, सुट्टीतही मिळणार. रोज नऊ ते चार. बसायचं नसेल तेव्हा बाटल्या, घडे, कापडं मांडून द्यायची, म्हणजे मुलं ती काढतील. आणि आजारपणाची भरपगारी रजा.

ऑफिसातल्या बाई ह्या रजेवर फुरंगटल्या होत्या. म्हणाल्या, मॉडेलला कधी कोणी भरपगारी रजा दिलीये? पण चित्रकलेचे सर हटूनच बसले. ऑक्टोबरपासून माझं डोकं खाताहेत ह्या एका कलमासाठी, म्हणाल्या.

सर तसे एककल्लीच आहेत. डोक्यात शिरलं की शिरलं.

तिसऱ्या पानावर मात्र एक चौकोन आहे. प्रकृतीची काही तक्रार? आहे / नाही. खाली बारीक अक्षरात — खोटी माहिती दिल्यास नोकरी रद्द.

तासावर असताना कोणी काही विचारत नाही. हात वाईट असेल त्या दिवशी जायचंच नाही, पैसे गेले तर गेले. पगार घेतला की रोज जायचं, रोज दिसायचं. 'आहे' लिहिलं तर हलणारी मॉडेल कोण ठेवणार? 'नाही' लिहिलं तर एक ना एक दिवस उघडं पडणार. आणि तासावरच राहिले तर वर्षभराने, दोन वर्षांनी, हात अजिबात थांबेनासा झाला की? मग तासही नाहीत आणि पगारही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१३ फेब्रुवारी

धाकटी बहीण आली होती. ती औषधांच्या गोदामात तासावर खोकी भरते. विषय निघाला आणि दोघांची जुंपली.

हे जन्मभर पोस्टात होते, पहिल्या तारखेचा माणूस. म्हणाले, "अगं, पगार तो पगार. ताप आला तरी पहिली तारीख येतेच की."

धाकटी म्हणाली, "आणि साहेब डोक्यावर बसतो तो? माझं बघा, भावजी. नाही पटलं, पिशवी उचलली, निघाले."

"पिशवी उचलून जातेस कुठे? परत तिथेच ना?"

ती हसली, हेही हसले. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, विचार करते. धाकटी जाताना म्हणाली, ताई, तू हल्ली विचार फार करतेस, तोंड बघ केवढंसं झालंय.

चहा ह्यांनी केला. हल्ली हेच करतात. आणि मला कप अर्धाच भरून देतात. निवृत्तीनंतर माणूस चिकट होतो म्हणतात ते खोटं नाही.

१५ फेब्रुवारी

गेले नाही. पाहुणे आलेत म्हणून कळवलं. इतके पाहुणे माझ्या लग्नालाही नव्हते.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज जुन्या बाईंची फार आठवण आली. माझ्याआधी त्याच बसायच्या. मला बसायला शिकवलं त्यांनी. श्वास पोटात घ्यायचा, नजर खिडकीच्या कडीवर ठेवायची, पायाला मुंग्या आल्या तर मनात जिने चढायचे.

आणि एक नियम घालून दिला — चित्रं कधी बघायला जायचं नाही. मी विचारलं होतं, का हो? तर म्हणाल्या, "एकदा बघितलंस की दुसऱ्या दिवशी तू त्या चित्रासारखी बसायला लागशील. मग मुलांनी काढायचं कोणाला?"

बारा वर्षांत एकदाही बघितलेलं नाही. वर्गात शिरते ती बोर्ड लावलेल्या इझलांच्या पाठी बघत, निघते ती जमिनीकडे बघत. तिथे माझं नाक केवढं आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही.

२० फेब्रुवारी

आज हात खुणेच्या बाहेर गेला आणि बाहेरच राहिला. आत आणायला गेले तर खुर्चीच्या लाकडावर बोटं टकटक वाजली. सगळ्या वर्गाला ऐकू गेली असणार. 

पुढच्याच रांगेत एक जाड भिंगाच्या चष्म्याची मुलगी बसते. तिने मान वर केली, माझ्या हाताकडे बघितलं. म्हटलं, संपलं. तर ती म्हणाली, "मावशी, शाल जरा खांद्यावर घ्या ना," आणि परत काढायला लागली.

सर पाठीमागे उभे होते. त्यांनी खिडकी लावून घेतली फक्त. त्यांना वाटलं असेल मला थंडी वाजते आहे.

सुटले. पण असं किती दिवस सुटणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं आहे. कोणी खोकलं तरी वाटतं, आता विचारणार.

२१ फेब्रुवारी

'नाही'वर खूण केली. पेन्सिलने.

२२ फेब्रुवारी

खोडली.

रविवार, २४ फेब्रुवारी

उद्या शेवटचा दिवस. सकाळपासून तीनदा फॉर्म काढला, तीनदा ठेवला. ह्यांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? दोन्ही वेळा मी खेकसले. मग वाईट वाटलं.

भीती वाटते. पैशाची आहेच. पण त्याहून — त्या खुर्चीवरून कोणी उठवेल, ह्याची. चपलांच्या दुकानात एकोणीस वर्षं सगळे माझ्या हातातल्या जोड्याकडे बघायचे, माझ्याकडे कोणी नाही. इथे वीस जण तासभर माझ्याकडेच बघतात. ते गेलं तर काय करू?

शेवटी एक ठरवलं आहे. उद्या आठलाच जायचं, वर्ग उघडतो तेव्हा. जुन्या बाईंचा नियम मोडायचा. चित्रं बघायची. हात नीट आला असेल तर मुलांना खरंच कळलेलं नाही — मग बिनधास्त 'नाही' लिहायचं. हलताना दिसला तर फॉर्म फाडायचा आणि तासावरच बसायचं, जमेल तितके दिवस.

बाई, माफ करा.

सोमवार, २५ फेब्रुवारी

सगळ्या चित्रांत हलतो आहे.

एकोणीसच्या एकोणीस चित्रांत. चेहरा ठाम, शाल ठाम, आणि हाताला चार-चार, पाच-पाच रेघा. कुठे पुसल्यासारखा, कुठे पाण्यात धरल्यासारखा. जाड भिंगाच्या मुलीने तर नुसता हातच काढला आहे, मोठा. बाजूला सरांनी लाल पेन्सिलने लिहिलं आहे — हात हलतो आहे, थांबवू नका, हलतानाच काढा. मावशींना अवघडल्यासारखं होईल असं कोणीही बोलायचं नाही.

खाली तारीख, नऊ ऑक्टोबर. डॉक्टरकडे मी नोव्हेंबरात गेले.

'आहे'वर पेनाने खूण केली. सही वाकडी आली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, दुसरा फॉर्म देऊ का? म्हटलं, नको, हल्ली अशीच येते.

घरी आले. ह्यांनी चहा दिला, अर्धा कप. पहिल्यांदा कपाकडे नीट बघितलं. अर्धा असतो म्हणून माझ्या हातून एकदाही सांडलेला नाही.