दार उघडं ठेवलंय मी

४ जानेवारी १९९८, जे. पी. नगर, बंगळूर

आले बाई एकदाची! मिरजेहून निघताना शेजारणी म्हणाल्या, सुनंदाबाई, ह्या वयात परमुलखात कशाला? पण भाच्याचा, मकरंदचा शब्द मोडवेना. तो इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाचं वधूवर केंद्र मी सांभाळायचं आणि मागच्या खोलीत राहायचं. मिरजेत आयुष्यभर लग्नंच जुळवली. टायपिंग जसं मनानेच शिकले, तसा काँप्युटरही शिकेन. हवा गोड आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला मला अज्जी म्हणतो, वर कोथिंबीर फुकट घालतो.

९ जानेवारी

मकरंदने काँप्युटर समजावला. सगळ्या मुलामुलींची माहिती त्याच्या पोटात: पत्ता, फोन, पगार, पत्रिका. त्याला टेलिफोनची तार जोडलेली. पुण्याच्या मंडळाला तिकडून नंबर फिरवून आपली स्थळं बघता येतात. कुणी असं बाहेरून आत शिरलं की तारेच्या डबीवर तांबडा दिवा लागतो. पासवर्ड जुळला तरच शिरता येतं. पुणेकरांचा वेगळा, माझा वेगळा. मकरंदने बजावलं, मावशी, घरातल्या कुणाचं नाव ठेवू नकोस आणि मी मागितला तरी सांगू नकोस. मी म्हटलं, गाढवा, मला शिकवतोस? कपाटाची किल्ली पदराच्या गाठीतून कधी सुटली आहे का माझ्या? तो पाठ फिरवून उभा राहिला आणि मी ह्यांचं नाव टाकलं. जे उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नाही, ते कुणाला कळणार?

१९ जानेवारी

नागपूरची यशश्री नाव नोंदवून गेली. काँप्युटर कंपनीत आहे, मारतहळ्ळीला एकटीच खोली घेऊन राहते. माझ्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि म्हणाली, काकू, नवरा नाही मिळाला तरी चालेल, पण रविवारी येत जाईन. लाघवी पोर. हिचं सोनं करायचं मनात आहे.

२ फेब्रुवारी

पुण्याच्या मंडळातून अजित म्हणून कुणाचा फोन. बोलणं आपल्या सांगलीकडचं, लोण्यासारखं. त्यांचा पासवर्ड चालेना, मुलाकडची मंडळी समोर बसलीत, सोन्यासारखं स्थळ हातचं जातंय, तेव्हा काकू, तुमचा सांगा. मी म्हटलं, ते ह्यांचं नाव आहे, मला कसं घेता येईल? तो हसला. मग उखाण्यात घ्या की, लाजता काय!

हे गेल्यापासून मला कुणी नाव घे म्हटलंच नव्हतं. घेतलं. लग्नातलंच.

सडा घातला, दिवा लावला, घर सारं निवांत,
दार उघडं ठेवलंय मी, येतील आता उमाकांत.

वाहवा म्हणाला. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ कानशिलं तापलेली. म्हातारीला कसला हा चळ!

११ फेब्रुवारी

यशश्रीला फोन येतायत. माणूस नाव सांगत नाही. तिची रास, उंची, पगार घडाघडा म्हणतो. काल म्हणाला, पिवळी ओढणी तुला शोभत नाही. काल तिने तीच घेतली होती.

मी पुण्याला फोन लावला. अजित नावाचं तिथे कुणीच नाही.

मकरंदने विचारलं, मावशी, पासवर्ड कुणाला दिला नाहीस ना? मी नाही म्हटलं. भाच्यापुढे कोणत्या तोंडाने सांगू, की परक्या पुरुषाला फोनवर उखाणा घेतला? त्याचा माझ्यावर विश्वास. म्हणाला, मग तिच्या ऑफिसातूनच फुटलं असणार. पासवर्ड बदलायचा तर तोच बदलणार. आणि का, ते विचारणार.



१६ फेब्रुवारी

यशश्री भेदरून माझ्याकडे राहायला आली. पिशवी टाकली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. म्हणते, काकू, तुमच्याजवळ भीती नाही वाटत. माझ्याजवळ!

दुपारी सवयीने तिचा नवा पत्ता काँप्युटरात घातला. मंडळाची मागची खोली. शिस्त ना माझी मोठी! मग डबीकडे नजर गेली.

तांबडा दिवा लागलेला.

तार उपटली. पण तोवर—

१७ फेब्रुवारी, सकाळी

पुण्याहून कुणी आत होतं का, विचारलं. नाही म्हणाले.

आज मकरंदला सांगायचंच. फोन उचलला. ठेवला.

संध्याकाळ

फाटकाशी कुणीतरी उभं आहे. मकरंदला फोन केला, ये म्हटलं. हेब्बाळला आहे, निघतोय. हेब्बाळ म्हणजे गावाचं दुसरं टोक. का ये, ते तेवढं नाही सांगितलं. अजूनही नाही.

फाटक वाजलं.

दारावर टकटक. यशश्री उठली, मकरंददादा आला म्हणून. मी तिचा हात धरला.

बाहेरून आवाज. तोच, लोण्याचा. सडा घातला, दिवा लावला— सगळा म्हटला. नावासकट. पुन्हा म्हणतोय. दार उघडं ठेवलंय मी—

पोर माझ्याकडे बघते आहे. कुजबुजते, उमाकांत म्हणजे काका ना? ह्याला कसं ठाऊक?

तोंड उघडत नाही माझं. म्हणून लिहिते, वही तिच्यापुढे धरते. वाच बाळ. तुझ्या ऑफिसातून नाही फुटलं. पदराची गाठ मीच सोडली. लाज वाटली म्हणून गप्प—

कडी हलते आहे

यशश्री, त्याला मी