नऊ नंबरचा घोटा

१२ नोव्हें. लोणावळा

सकाळी दोन तास सराव. सरांनी फळ्यावर परत गट काढला, जणू आम्हाला ठाऊकच नाही. चार संघ: आपण, हिरव्या, लाल, पांढऱ्या. देशांची नावं लिहायचा कंटाळा, जर्सीवरून ओळखते. प्रत्येकीशी एकेक सामना. गटात पहिला येईल तो संघ आशियाच्या मुख्य स्पर्धेला, बाकी तिघी घरी. दुसरं येण्याला काही किंमत नाही.

चारही संघ ह्याच हॉटेलात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, हिरव्या तिसऱ्या. लिफ्टमधे भेटल्या की गोड हसतात. आम्हीपण हसतो. परवा एकमेकींचे गुडघे फोडायचेत.

बचावात मधोमध, स्टॉपरला, मी पक्की. सर म्हणाले तसं. वडिवळ्याची पोर देशाच्या ज्युनिअर संघात आणि मैदान घरापासून तासाभरावर, असा योग परत येणार नाही. अण्णांचा फोन. "भात काढाय घेतलंय, पन मॅचला समदं गाव येतंय." म्हटलं, अण्णा, शेत? "शेत कुटं पळतंय का?"

१४ नोव्हें.

हिरव्यांशी जिंकलो. १-०. मला रेड कार्ड.

आधीपासून लिहिते. विसाव्या मिनिटाला त्यांच्या नऊ नंबरने (पुढे खेळते, उंच, पायात भिंगरी) कोपर घातलं. ओठ फाटला, दाताचा टवका जिभेवर आला. थुंकला. रेफरीला दिसलं नाही आणि मी सांगायला गेले नाही. पुढच्या कॉर्नरला तिच्या बरगडीत गुडघा दिला. मग तिने माझ्या पावलावर बुटाचे खिळे रोवले. मग मी. मग ती. असं तासभर. मजा येत होती, खोटं कशाला लिहू.

शेवटची चार मिनिटं उरलेली. लांबचा पास आला, ती माझ्या बाजूने निसटली, मी पडले. पुढे एकटी गोलकीपर. आणि माझा हात गेला. दोन्ही हातांत तिचा घोटा, छातीशी ओढला, खांदा टाकला. हे फुटबॉलमधलं नाहीच. कबड्डीत चढाईला आलेली पोरगी परत पळताना कोपऱ्यावरची जे करते ते. सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत अण्णांच्या मंडळात रोज संध्याकाळी हेच केलंय.

ती आदळली. आवाज आला. ओली फांदी मोडावी तसा.

फाऊल बॉक्सच्या हातभर बाहेर, त्यामुळे पेनल्टी नाही. फ्री किक वाया गेली. सामना संपला. आत गेल्यावर सगळ्या गळ्यात पडल्या. सर: "बचा लिया तूने." बर्फाची पिशवी ओठाला लावून बसले. भिंतीपलीकडे कुणीतरी ओरडत होतं. तीच.

१५ नोव्हें.

घोटा दोन ठिकाणी मोडलाय. तळेगावात ऑपरेशन.

एका सामन्याची बंदी आपोआप. पुढचं शिस्त समिती ठरवणार, १९ ला. मुद्दाम केलं असं निघालं तर वर्षभर बाहेर. चुकून झालं म्हणाले तर २० चा शेवटचा सामना खेळायला मोकळी.

मॅनेजर मॅडम जेवणानंतर कागद घेऊन आल्या. इंग्रजीत, टाइप केलेला. त्यांनी हिंदीत वाचून दाखवला. लहानपणापासून कबड्डी, त्यामुळे हात आपोआप गेला. शिट्टी वाजताच सोडला. "साइन कर दे, बेटा."

हात आपोआप गेला, हे खरं.

शिट्टी वाजताच सोडला, हे खोटं. काल इथंसुद्धा मी "आदळली, आवाज आला" असं लिहिलंय. मधलं गाळलं. ती आदळली, शिट्टी वाजली, मी ती स्वच्छ ऐकली, आणि सोडलं नाही. ओठ आठवला. घोटा पिळला. मग आवाज आला.

कॅमेरा एकच होता, पलीकडच्या बाजूला, मधे रेफरीची पाठ. कुणालाच दिसलं नाही.

मॅडमना म्हटलं, उद्या करते सही.

१७ नोव्हें.

लालशी २-२. वर बसून बघितलं. माझ्या जागी खेळली ती दोन्ही गोलांना उभीच्या उभी राहिली. शिव्या देऊन घसा बसला. आपले चार गुण, पांढऱ्यांचे सहा. २० ला पांढऱ्यांना हरवलं तर आपण, नाहीतर त्या. हिरव्या दोन्ही हरल्या, संपल्या. नऊ नंबर असती तर संपल्या नसत्या.

पण आजची खरी गोष्ट जातानाची. बस जुन्या हायवेने जाते. कामशेतच्या चौकात मुली एकदम किंचाळल्या. बघते तर दहा फुटी फ्लेक्स. त्यावर मी, जमिनीवर पालथी, हातात तो घोटा. ओठातून रक्त. वर अण्णांचा फेटा बांधलेला फोटो. "मावळची वाघीण! धरला की सुटका नाही!" खाली शुभेच्छुक म्हणून मंडळाची बावीस पोरं, गॉगल लावून. पहिला आमचा दादा.

आमच्या बसमधे शिट्ट्या. मागेच हिरव्यांची बस होती. वळून बघितलं. त्यांच्या काचांना मोबाइल लागलेले, फोटो काढत होत्या. कुणी हसत नव्हतं.

दादाला फोन केला. उतरव. तो म्हणाला, "येडी का काय? लोकं सेल्फी काढाय येत्यात."

१८ नोव्हें.

उजवी मूठ सुजलीय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

आईला भेटून येते सांगून सुट्टी घेतली. सहा आसनी रिक्षाने कामशेत. चौकात टपरीवाल्याचं स्टूल घेतलं, त्याच्याकडचीच सुरी घेतली आणि फ्लेक्सला हात घातला. अर्धा फाडला तेवढ्यात मंडळाची पोरं आली. दादा पुढं.

"वैजे, खाली उतर. गावाची इज्जत हाय ती."

"माझं तोंड आहे ते."

त्याने स्टूल ओढलं. पडले. उठले ती डोकं घेऊनच त्याच्या नाकावर. रक्ताची धार लागली. मग कुणी माझे केस धरले, मी कुणाच्या तरी पोटात लाथ घातली, कुणाच्या दातांवर मूठ. चार पोरं आणि मी. भाजीवाल्या मावशी "मेली मेली" म्हणून ओरडत होत्या. कोण मेली ते कळलं नाही. शेवटी फ्लेक्स फाटला. पोरं बाजूला झाली ती दादाच्या नाकाकडे बघून. माझ्याकडे बघून असतील तर बरं.

तशीच दादाच्या मागे बाइकवर बसून घरी गेले. त्याचं रक्त हँडलवर गळत होतं.

अण्णा खळ्यावर भात झोडत होते. दादाने सगळं सांगितलं. अण्णा हसले. "पकड लय भारी व्हती, पोरी. म्या दहा येळा बगितली. फ्लेक्स फाडायचं काय कारन?"

सांगून टाकलं. शिट्टी झाल्यावर पिळला, अण्णा.

पेंढी हातातच राहिली. "शिट्टी ऐकलीस?"

"ऐकली."

"आन् मंग?"

"मग पिळला. तिने माझा दात फोडला होता."

कानाखाली अशी बसली की खळं फिरलं. अण्णांनी मला कधीच मारलं नव्हतं. मैदानात गुडघा फुटला तरी माती लावून परत उभी करायचे, पण हात नाही उचलला.

"पंचाची शिट्टी झाली की हात उगडायचा. पयल्या दिशी काय शिकवलं तुला? हाच धडा पयला. त्याच्या म्होरं सोडला न्हाईस, तर ती पकड न्हाई. मारामारी हाय ती."

आई मधे आली. अण्णांनी पेंढी परत फळीवर आपटायला घेतली. मी उठले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "ईस तारखंला म्या येत न्हाई." दादाला म्हणाले, "फ्लेक्सची चौकट बी उतरव. आजच."

गाल अजून गरम आहे. त्याचा राग येत नाही, ह्याचाच राग येतोय.

१९ नोव्हें.

सुनावणी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, तिघं जण, तिन्ही परदेशी. हिरव्यांनी फ्लेक्सचा फोटो दिलेला, तो समोर. समितीचं सगळं इंग्रजीत, मॅडम मधे बसून भाषांतर करत होत्या. कागदावर मी सही केलीच नव्हती, म्हणून तोंडी विचारलं.

हे तुझं गाव? हो. तुझ्या सांगण्यावरून लावलं? नाही, काल मी फाडलं. मूठ दाखवली. भावाचं नाक फोडलं तेही सांगितलं. मधल्या म्हाताऱ्या बाईंचा चेहरा मऊ झाला. मला पश्चात्ताप झाला असं त्यांना वाटलं असणार. झालाय का? माहीत नाही.

मग विचारलं, शिट्टी ऐकलीस?

मी हिंदीत सांगितलं. हां, सुनी थी. सुनने के बाद भी पकड़ के रखा. जान-बूझ के मरोड़ा.

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं की, शिट्टी ऐकली आणि लगेच सोडलं असं ती म्हणते.

तेवढं इंग्रजी मला येतं. दहावीपर्यंत शिकलेय. तोंड उघडलं. तिघंही बघत होते. "नो" म्हणायचं होतं, एका अक्षराचं काम.

बंद केलं.

खोटं मॅडमचं. गप्प बसणं माझं. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

पाच वाजता निकाल. एक सामना पुरेसा. उद्या खेळू शकते. खोलीत मुली नाचल्या. मीपण नाचले, थोडी.

२० नोव्हें.

नाश्त्याला खाली गेले तर नऊ नंबर. हॉस्पिटलातून आलेली, व्हीलचेअरवर, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. तिच्या पोरी काउंटरवर होत्या, ती एकटीच टेबलाशी. मी ताट घेऊन तिच्यासमोर थांबले. सॉरी म्हटलं. किती फालतू शब्द.

तिने दोन बोटं ओठांशी नेऊन शिट्टी वाजवल्यासारखं केलं. आवाज नाही काढला. नंतर दोन्ही मुठी एकावर एक ठेवून पिळल्या, हळू, ओलं फडकं पिळतात तशा. मग माझ्याकडे बोट.

तिनेही ऐकली होती. ऐकणारच, पाय तिचा होता.

पोहे तसेच टाकून सरांना गाठलं. पार्किंगमधे फोनवर होते. सगळं सांगितलं. शिट्टी, पिळणं, मॅडमनी काय सांगितलं ते. म्हटलं, मला नका घेऊ आज, समितीला खरं कळवा.

सरांनी फोन खिशात टाकला. "मुझे पता है. मैं बेंच पर ही था, सब दिखा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इसीलिए तो तू आज खेल रही है. उनकी सात नंबर बहुत तेज है. समझी?"

समजलं.

लिहून ठेवते, कारण उद्या मी हे कबूल करणार नाही. त्या वेळी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. मी हवी आहे म्हणून बरं वाटलं. आणि मग अण्णांचा हात बसला होता तिथं, त्याच गालावर, आग झाली.

गावातून दोन टेम्पो भरून निघाल्याचा दादाचा मेसेज. नाकाला पट्टी लावलेला फोटोपण पाठवलाय, हसतोय गाढव. अण्णा नाहीत. आईने फोन केला तेव्हा मागून झोडण्याचा आवाज येत होता.

साडेबारा. बस खाली लागलीय, मॅडम नावं पुकारतायत. माझं दोनदा पुकारून झालं. मोजे घातलेत. बूट हातात आहेत.