काकीचा नंबर दुसऱ्या कंपनीत

१८ जून
वाडीवरचा मोबाइल टॉवर महिनाअखेर बंद! कंपनीच्या इंजिनिअरने फोनवर दुजोरा दिला. बातमी चार ओळींची, आतल्या पानावर. पण वर ठमाकाकी एकटी राहते. पाऊस फार झाला की ‘खाली शाळेत या’ हा पोलीसपाटलाचा निरोप तिला फोनवरच येतो. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला हवा — लगेच.

२१ जून
तीन कंपन्यांची सिमं घेऊन पोलादपूरहून वर वाडीत. पडवी, अंगण, देऊळ — कुठेच रेंज नाही. एकीचीच लागली, तीही फक्त गोठ्यामागे, दरडीच्या पायथ्याशी. त्या दरडीला गेल्या पावसात भेग पडलीय. हात जाईल एवढी.
‘‘अजून तरी हाय ना उभी!’’ काकी हसली.
मला हसू आलं नाही. दरडीखाली अख्खी वाडी गाडली गेली तेव्हा तळीयेला मी बातमीसाठी गेलो होतो.
तरी तीच कंपनी. दुसरी नव्हतीच.

२४ जून
काकीला एसटीने महाडला आणलं — पोर्ट करायला आधार आणि फोटो तिचाच लागतो. दुकानदार रोज दोन जीबीचा प्लॅन गळ्यात मारत होता. म्हटलं, कमी डेटाचा साधाच दे, पण वर्षाचा. रिचार्ज संपला म्हणून इनकमिंग बंद पडायला नको.
काकीला बटणांचाच फोन हवा होता. ‘‘काचेला शेणाचा हात लागला की मरंल तो!’’ तिचा रामा घाटकोपरहून स्पीकरवर — ‘‘स्मार्टच घे दादा. आईनं नात अजून बघितली नाय.’’
काकीने हातातला बटणांचा फोन काउंटरवर परत ठेवला. घेतला स्मार्टच. मोठी बॅटरी, मोठा आवाज.
निघताना बजावलं, ‘‘फोन घरात लागणार नाही. दिवसातून दोनदा गोठ्यामागे जाऊन बघायचं. निरोप चुकवायचा नाही.’’

२८ जून
नंबर सुरू. नातीला पहिला व्हिडिओ कॉल — रामाने कळवलं. चित्र मध्येच अडकलं, तरी काकी ‘‘गो बाय माझी’’ म्हणतच राहिली.

४ जुलै
काकीचा फोन. आवाज अगदी स्वच्छ.
‘‘निरोप काय येळ सांगून येतोय रे? सारखी ये-जा नाय जमत. खाटच टाकलीय गोठ्यामागं, वर ताडपत्री. निजते हितंच.’’
‘घरात जा’ म्हणेपर्यंत फोन तुटला. पुन्हा लागत नाही.
हवामान खात्याचा रायगडला रेड अलर्ट — उद्या पहाटेपासून.