खंदकापाशी परत फिरले

तीर्थरूप आईस, तुझ्या धडधाकट लेकीचा नमस्कार.

काल रानातल्या शर्यतीत खंदकापाशी माझी घोडी अडली. चाबूक न मारता मी तिला परत फिरवलं. बघायला आलेले लोक हसले. "भित्री भागुबाई," एक काका ओरडले.

संध्याकाळी शर्यतीत पहिल्या आलेल्या नावाजलेल्या स्वारबाई माइकवर म्हणाल्या, "घोडा नको म्हणाला की ऐकावं. परत फिरायलाही धमक लागते." निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या, निम्मे कुरकुरले, "मग आम्ही तिकीट कशाला काढलं?" ते काका मात्र तबेल्यात गाजर घेऊन आले. घोडीला भरवलं, माझ्याकडे बघितलंही नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे?

अक्षर वाकडं आलंय म्हणून घाबरू नकोस. मनगट मागच्या शर्यतीत दुखावलं होतं. तेव्हा मी परत फिरले नव्हते.

तुझीच,
धाकटी