अर्धा कप

५ ऑक्टोबर, रविवार
सगळ्यात आधी मीनाक्षीवन्संच आल्या. लंडनच्या ईलिंगहून इथे मिल्टन कीन्सला यायचं, तरी अकराच्या आत दारात! सोबत नारळाच्या वड्या — साखर जास्त होती. अक्षराला अकरा महिने झाले म्हणून हा थाट. माझी नात आता कपाचे दोन्ही कान धरून तो उचलते, स्वतः पिते. मी टाळ्या पिटल्या. सून हसते मला, हसू दे.

मग वन्संनी ह्यांना वडी भरवायला घेतली. सख्खा भाऊ, आजारी, कुणालाही वाटेल. ह्यांनी तोंडच मिटून घेतलं. "दादा, माझ्या हातची नको का तुला?" डोळे भरले त्यांचे. खरं काय ते सांगायचं नाही, लेकाने, आमच्या मिलिंदने, बजावलंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार
लिहूही नकोस, मिलिंद म्हणतो. इथला कायदा असा — सोबत नेणाऱ्यालाही पोलीस विचारतात. चौथी शिकलेल्या बाईची वही कोण वाचतंय. तर, हे स्वित्झर्लंडला जाणार आहेत, मरायला. लिहिलं बाई.

हातपाय तर जाणारच, पुढे गिळणं, मग श्वास, असं डॉक्टर म्हणाले. तिथे औषध स्वतःच्या हाताने प्यावं लागतं. म्हणून हात चालतोय तोवरच जायचं. म्हणून कुणाच्या हातचा घास नको, चहाचा कपही स्वतःच उचलायचा. सवय राहावी.

९ ऑक्टोबर
कप मी काठोकाठ भरते. जड व्हावा म्हणून. आज सांडला, सगळा शर्टावर. "अगं, किती भरतेस?"

११ ऑक्टोबर, शनिवार
परत काठोकाठ, परत सांडला. उरलेला पिताना ठसका लागला तो थांबेचना. चेहरा निळा पडला. मिलिंद पाठ चोळत होता आणि रडत होता. निवल्यावर हे हळूच म्हणाले, "तू का भरतेस ते कळतं गं मला." रागावले असते तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
अर्धाच दिला. दोन्ही हातांनी उचलला, सगळा प्याले. थेंब सांडला नाही. अक्षराने टाळ्या वाजवल्या. माझंच बघून शिकली पोर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
वन्संचा फोन. वड्या पुन्हा करून आणते, ह्या खेपेला दादाला खावीच लागेल, म्हणाल्या. बरं म्हटलं.
आमचं विमान गुरुवारचं. मिलिंद आणि मी शनिवारी परत.
वन्सं रविवारी येणार आहेत, अकराच्या आत.