आत्याचे घर नदीतून बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. मोजणी अधिकारी,
घरनोंदणी कार्यालय,
पहिला मजला, मोठ्या घड्याळासमोरचे दालन.

विषय: फोटोंना ठिकाण जोडणारे जीपीएस यंत्र निवडण्याबाबत, व चुकीच्या निवडीमुळे नदीत गेलेले एक घर परत गल्लीत आणण्याबाबत.

संदर्भ: १) आपले यंत्रनिवडीचे परिपत्रक. २) माझ्या आत्याच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

माझ्या आत्याचे घर आपण नदीत बुडवले आहे. पूर आलेला नाही, पाऊसही नाही. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाने ते बुडवले, आणि ही गोष्ट आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरीही रीतसर मांडतो, कारण आपल्याकडे खरे बोललेले चालत नाही, लिहिलेले लागते.

१. मी आपला कंत्राटी छायाचित्रकार. दारोदार फिरून घरांचे फोटो काढतो. प्रत्येक फोटोला ते घर कुठे आहे याची नोंद लागते, म्हणून आपण कमरेला लावायचे एक यंत्र दिलेत. माणूस किती वाजता कुठे होता, एवढेच ते टिपून ठेवते. फोटो किती वाजता काढला, ते कॅमेरा टिपतो. संध्याकाळी संगणक दोन्हींच्या वेळा जुळवतो आणि फोटोला ठिकाण चिकटवतो. यात शहाणपणा काही नाही. फक्त दोन्ही घड्याळे जुळायला हवीत.

२. यंत्राला वेळ थेट उपग्रहाकडून मिळते. कॅमेऱ्याची वेळ मात्र कार्यालयीन घड्याळावरून लावावी, असा आपला आदेश आहे. ते घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. लोकांनी उशिरा येऊ नये म्हणून कोण्या जुन्या साहेबांनी ते पुढे केले, तेव्हापासून तसेच आहे. येताना सगळे मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करतात आणि जाताना तेच घड्याळ दाखवून उठतात. माणसाला हे जमते. कॅमेऱ्याला मनातल्या मनात काही करता येत नाही. त्यामुळे फोटो काढल्यावर दहा मिनिटांनी मी जिथे पोचलो असेन, ते ठिकाण त्या घराला लागते.

३. आमच्या गल्लीत यामुळे न्हाव्याचे दुकान इस्त्रीवाल्याकडे गेले, इस्त्रीवाला पिठाच्या गिरणीत आणि गिरणी शिंपिणीच्या माडीवर. कोणी तक्रार केली नाही, कारण प्रत्येकाला कुणाचे तरी घर मिळाले. आत्या गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घरात. आईबाप गेल्यावर तिने मला त्याच एका खोलीत वाढवले. त्या दिवशी फोटो काढला तेव्हा ती म्हणाली, थांब, चहा टाकते. मी म्हटले, काम पडले आहे, आणि पूल चढलो. चहा घेतला असता तर घर जागेवर राहिले असते. मी पुलाच्या मध्यावर पोचलो आणि माझ्याबरोबर तिची खोलीही नदीच्या मध्यावर आली. नंतर नोटीस लागली: नदीपात्रातील बांधकाम, काढून टाकण्यात येईल.

४. आत्याला नोटीस वाचून दाखवली. तिने सुई खाली ठेवली, पायाखालची फरशी पायानेच चाचपली आणि म्हणाली, "मी नदीत राहते, तर इतकी वर्षं नळावर भांडत कशाला बसले रे?" हसली. रात्री मात्र तिने कपाटातल्या साड्या काढून पेटीत भरल्या. आता रोज एकेक परत काढते आणि परत भरते.

५. नोटीस घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा आपण मला सांगितलेत, यंत्र बदला, चांगलेसे निवडून आणा. आणली तीन. दोन कमरेला लावायची, एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारे. हे तिसरे वेळा जुळवण्याच्या भानगडीतच पडत नाही. फोटो काढताक्षणी ठिकाण आणि स्वतःची वेळ थेट फोटोत लिहिते. चाचणी मूळ फेरीच्याच वाटेने व त्याच चालीने करावी असा हुकूम होता, म्हणून आत्याच्या दारातून पुन्हा पुलावर गेलो. कमरेच्या दोन्ही यंत्रांनी आत्याला नदीत ठेवले. तिसऱ्याने गल्लीत ठेवले. मग निवड समितीने तिन्ही यंत्रे भिंतीच्या घड्याळाखाली मांडून वेळ पाहिली. तिन्ही दहा मिनिटे मागे. कमरेच्या यंत्रांची वेळ फोटोत उमटत नाही म्हणून ती माफ. तिसऱ्याची उमटते, म्हणून ते सदोष. वर मला ऐकवले की दोन यंत्रे नदी म्हणतात, एकच गल्ली म्हणते, तेही बिघडलेले. मी विचारले, घड्याळ पुढे आहे हे आपल्याला ठाऊक नाही का? आपण म्हणालात, "ठाऊक सगळ्यांनाच आहे. पण कार्यालयाचं घड्याळ चुकत नसतं."

६. आता मी काय करावे? कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावले तर आदेशाचा भंग, कंत्राट रद्द. आहे तसे ठेवले तर शेजाऱ्यांची घरे हिंडत राहणार. म्हणून हल्ली प्रत्येक दारात फोटो काढून दहा मिनिटे खांबासारखा उभा राहतो. लोकांना वाटते जप्ती आली. एका बाईने तर कुत्रे सोडले. आत्याकडेही असेच उभे राहून नवा फोटो द्यावा म्हटले, तर लेखनिक सांगतात, नदीपात्रातल्या घराची फेरपाहणी पायी होत नाही, होडीतून होते. कार्यालयाकडे होडी नाही. म्हणजे घर नदीत नाही हे दाखवायला मला आधी नदीत उतरायचे आहे, आणि उतरायला साधन आपणच देणार नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे निदान समजते तरी. इथे तर दळणाराच म्हणतो, जाते माझे नाही.

७. सबब मागणी एकच. कॅमेऱ्यावर बसणारे यंत्र मंजूर करावे, त्याने काढलेला आत्याच्या घराचा फोटो ग्राह्य धरावा आणि नोटीस मागे घ्यावी. घड्याळ मागे करा असे मी म्हणत नाही. ते आपल्याच्याने होणार नाही.

८. आणि हे जमत नसेल, तर एका गोष्टीचे उत्तर द्या. आपल्या म्हणण्याप्रमाणे घर नदीत आहे. मग आपला शिपाई नोटीस चिकटवायला कोरड्या चपलांनी, कुणालाही न विचारता, थेट आत्याच्या दारात कसा आला?

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
कंत्राटी छायाचित्रकार,
शेवटच्या घरातल्या बाईंचा भाचा

दिनांक: पोचेवर आपणच घालावा.

सोबत: १) तिन्ही यंत्रांनी नोंदलेले एकाच दाराचे तीन फोटो. दारात आत्या उभी आहे, पाय कोरडे आहेत. २) नोटिशीची प्रत.

ता. क. सोमवारी पाडकाम पथक येणार असे नोटिशीत आहे. घर नदीत असेल, तर पथकाने नदीत जावे व तिथे सापडेल ते खुशाल पाडावे. ते गल्लीत आले, तर घर गल्लीत आहे हे आपणच मान्य केले असे होईल. आत्या आणि मी दारातच बसून आहोत. पथक कुठे येणार, ते सोमवारच्या आत लेखी कळवा.