मागणीनुसार 'आई गं'

६ जुलै, रविवार
युट्रेख्टला बेसबॉलची मॅच. लाइव्ह स्ट्रीमवर मेन कॉमेंटेटर पीटर आणि त्याच्या शेजारी मी. बॅटरच्या कोपरावर बॉल बसला आणि माइकवर माझ्या तोंडून निघालं, "आई गं!" तेही केवढ्यांदा. पीटर हसत सुटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण महाराष्ट्राकडून कॅचर म्हणून बॅटरमागे बसून इतकी वर्षं मार खाल्लाय, कोपरावर बसला की काय होतं ते मला माहितीये. माझं मधलं बोट अजून सरळ होत नाही.

८ जुलै
क्लिप फिरतेय. प्रोड्यूसर मार्कचा स्वतःहून फोन, पहिल्यांदाच. "पीपल लव्ह इट!" तीन सीझन घसा फोडून सांगतेय, पिचरचा खांदा बघा, पाय बघा, पुढचा बॉल आत येणार. त्याची एक क्लिप नाही निघाली. निघाली कशाची, तर विव्हळण्याची.

२० जुलै, रविवार
मार्कची सूचना, दर मॅचला एकदा तरी 'आई गं' हवं. म्हटलं, अरे, ते लागल्यावर म्हणतात. तर म्हणे, कुणी आउट झाला की म्हण, त्यालाही लागतंच की! डोकं फिरलं. घरी निखिल म्हणतो, "अगं, लोक ओळखायला लागलेत तुला, घे ना मजेत." याला ऑफिसात रोज ठरल्या वेळी 'अरे बापरे' म्हणायला लावलं तर घेईल का मजेत?
तरी आजच्या मॅचला म्हटलं. दोनदा. प्ले-ऑफला पीटर नाही, मेन माइक मला मिळेल. नेदरलँड्सला, या बेस्ट गावात आल्यापासून मी निखिलची बायको. माइकवर तेवढी खेळाडू असते.

३ ऑगस्ट
ओट्याच्या कोपऱ्यावर तेच बोट आपटलं. "आई गं!" तर लेक टेबलावरून टाळ्या पिटत डचमध्ये, "मामा, नोख एन केर!" आई, पुन्हा एकदा म्हण म्हणे. रक्त आलेलं दिसलंच नाही तिला. ओरडले तिच्यावर. उगाच. तिचं काय चुकलं.

३१ ऑगस्ट, रविवार
प्ले-ऑफ. मेन माइक माझा. सुरुवात झकास, पिचर दमलाय हे मी कोचच्या आधी सांगितलं. प्रेक्षकांत चौघे पुठ्ठ्यावर 'आई गं' लिहून आलेले.
पाचव्या इनिंगला बॉल बॅटरच्या थेट तोंडावर. हेल्मेटच्या खाली, गालावर. गुडघ्यांवर बसला तो. कानात मार्क, "नाऊ! से इट!" पुठ्ठेवाले वळून माझ्या बूथकडे बघतायत.
घशापर्यंत आलेलं गिळलं. खरंच लागलं होतं त्याला, आणि माझ्याकडे त्यासाठी दुसरा शब्दच नाही.
"ही इज हर्ट. लेट्स वेट," एवढंच म्हणाले आणि हेडफोन काढून ठेवला. तो उठून चालत गेल्यावरच परत घातला.

१ सप्टेंबर
बॅटर ठीक आहे, हाड मोडलेलं नाही. हे मीच मार्कला विचारलं. त्याला बोलायचं होतं ते वेगळंच. "यू फ्रोझ." येत्या रविवारची फायनल अजून माझ्या नावावर आहे, पण 'ती मजा' परत आणणार असशील तर. संध्याकाळपर्यंत सांग.
हवीये मला फायनल. फार हवीये. इतकी हवीये, याचाच राग जास्त येतोय.
निखिल म्हणाला, "दोनच शब्द आहेत गं."
दोनच आहेत, पण...
मार्कला फोन लावलाय. काय म्हणणार, ठरलेलं नाही. रिंग जातेय.